कोनमोजा

“दिसतंय ते सांग. वाटतंय ते नको,” असं म्हणून अक्का उजव्या हाताचं पहिलं बोट टेबलावर दोनदा आपटायच्या, आणि मी पान पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घ्यायचो.

सांगलीत हळदीच्या एका पेढीच्या वर आमचं ऑफिस होतं. दोन खोल्या, चार संगणक आणि कधीही अडून बसणारा एक प्रिंटर. शाळांच्या सराव प्रश्नपत्रिका, क्लासवाल्यांची गणिताची पुस्तकं, अधूनमधून एखाद्या प्राध्यापकाचा प्रबंध, अशी अक्षरजुळणीची कामं आम्ही करायचो. मी मूळचा लोणंदचा, बी.एस्सी. करून इथे चिकटलेला. अक्का कवठे महांकाळ तालुक्यातल्या एका गावच्या. पन्नाशीला दोन-तीन वर्षं कमी असतील. जन्मापासून त्यांना दिसत नव्हतं. न दिसणारी बाई अक्षरजुळणीच्या ऑफिसात काय करत असेल, असं आता तुमच्या मनात आलं असेल. आमच्या मालकांच्याही आलं होतं.

अक्का मुलाखतीला आल्या तो दिवस मला चांगला आठवतो. पांढरी काठी घडी करून काखेत, खांद्याला पिशवी. मालक बोलायला मऊ. त्यांनी हातानं खुर्ची दाखवली आणि वाट बघत राहिले. अक्काही उभ्याच. थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, “हातानं दावलं असंल तर मला कळलं न्हाई. तोंडानं सांगा.” मालक एवढे गोंधळले की त्यांनी उठून स्वतःचीच खुर्ची पुढे केली.

मग परीक्षा म्हणून मालकांनी वर्गसमीकरणाचं सूत्र सांगायला सुरुवात केली. उणे बी, अधिक-उणे, वर्गमूळ, असं करत करत ते “भागिले दोन ए” पर्यंत आले तेव्हा अक्कांची कळफलकावरची बोटं थांबली. त्यांनी विचारलं, “आख्खं भागायचं, का नुसतं मूळ?” मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, आख्खं. अक्का म्हणाल्या, “मग तसं सांगाय पायजे.” दुसऱ्या दिवसापासून त्या कामावर यायला लागल्या.

आमची जुळणीची पद्धत त्यांना सोयीची होती. तिच्यात पान पडद्यावर हलवून-सरकवून रचायचं नसतं. मजकूर साधा टाइप करायचा, आणि इथे वर्गमूळ, इथे अपूर्णांक, इथे ठळक अक्षर, अशा खुणा मजकुरातच लिहायच्या. प्रत्येक खुणेच्या आधी एक उलटी तिरपी रेघ. सगळं लिहून झालं की संगणक त्या खुणा वाचून पान बांधून देतो. माउस लागत नाही. अक्कांच्या संगणकात बोलणारी एक प्रणाली होती. त्या जे टाइप करतील ते ती कानात सांगायची. तिला त्या ‘मास्तर’ म्हणायच्या. एका कानात मास्तर आणि दुसरा कान ऑफिसात. मालक घरी फोनवर काय बोलले हे जेवताना आम्हाला अक्कांकडूनच कळायचं.

त्या मला नावानं हाक मारत नसत. “ए लोणंद,” म्हणायच्या. दुपारी भडंगाची पुडी उघडली की त्यातले शेंगदाणे बोटांनी वेचून माझ्या कागदावर टाकायच्या. त्यांना शेंगदाणे आवडत नव्हते असं नाही, दातांत अडकतात म्हणून चिडायच्या.

गणित त्यांना शाळेत शिकवलंच नव्हतं. सातवीपर्यंत होतं, मग थांबलं. अंध मुलींना भूमिती कशी जमणार, आकृत्या कशा काढणार, असं शाळेनं ठरवलं आणि त्या तासाला संगीत लावलं. “गणिताच्या बदली पेटी दिली हातात,” त्या सांगायच्या. त्यात राग नसायचा. पेटी त्या चांगली वाजवायच्या, पण स्वतःहून कधी वाजवली नाही. त्यांचा धाकटा भाऊ दहावीला होता तेव्हा रानात शेळ्या सांभाळताना आपलं गणिताचं पुस्तक मोठ्यानं वाचायचा, आणि या शेजारी बसून ऐकायच्या. आकृती आली की तो त्यांच्या तळहातावर काडीनं काढायचा. पुढे भाऊ फौजेत गेला. पहिल्या मोठ्या सुट्टीला येताना त्यानं बहिणीसाठी संगणक आणला. एका शिबिरात त्यांना ही जुळणीची पद्धत कळली, आणि मग त्या थांबल्या नाहीत. “लोकं काम करत्यात, मी गणित शिकतीया,” असं त्या आमच्याकडे आल्यावर पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या.

तर आता त्या प्रश्नपत्रिकांकडे येतो.

पाच-सहा शाळांनी मिळून भूमितीच्या सराव प्रश्नपत्रिकांचा एक संच आमच्याकडे दिला होता. त्यांची एक अट होती. कोन, त्रिकोण, वर्तुळ, रेषाखंड असे सगळे पारिभाषिक शब्द ठळक अक्षरात हवेत. प्रत्येक वेळी ठळकची खूण घाला, कंस उघडा, शब्द लिहा, कंस मिटा, हा फार व्याप होता. अक्कांनी त्यावर उपाय काढला. या पद्धतीत आपल्याला स्वतःच्या खुणाही बनवता येतात. उलटी रेघ आणि पुढे दोन-तीन इंग्रजी अक्षरं लिहिली की ठळक ‘कोन’ उमटेल, दुसरी खूण लिहिली की ठळक ‘त्रिकोण’. अशा वीस-पंचवीस खुणा त्यांनी एका सकाळी बनवल्या, आणि संच आठ दिवस आधी संपवला.

छापण्याआधी पानं तपासायचं काम आम्ही दोघं मिळून करायचो. मी कागदावरून मोठ्यानं वाचायचो, त्या ऐकायच्या. आकडा चुकला, काना राहिला, की बोट टेबलावर. त्या वेळीही मी सगळा संच असाच वाचून दाखवला. त्यांनी तीन चुका काढल्या. आम्ही दोघांनी सही केली, म्हणजे मी सही केली आणि त्यांनी अंगठा उठवून त्याशेजारी आपलं टाइप केलेलं नाव चिकटवलं. संच छापून शाळांत गेला.

चौथ्या दिवशी एका मुख्याध्यापकांचा फोन आला. कामाच्या फोनचा आवाज मालक सवयीनं मोठा ठेवायचे, त्यामुळे आम्ही सगळ्यांनी ऐकलं. मुख्याध्यापक फार शांतपणे म्हणाले, “साहेब, हातमोजा मला माहीत आहे. पायमोजाही माहीत आहे. हा कोनमोजा कुठे घालतात?”

मालकांनी संच उघडला. पहिल्याच पानावर ‘कोनमोजा’. त्याखाली ‘वर्तुळकाढा’. पुढच्या पानावर ‘रेषाखंडदुभागा’. जिथे जिथे तो ठळक शब्द होता, तिथे तिथे पुढचा शब्द त्याला येऊन चिकटला होता. मधली जागा गायब. संचभर.

अक्का आधी हसल्या. खरं सांगायचं तर कोनमोजा ऐकून पोट धरून हसल्या. मग मालक हसत नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं.

मालकांनी त्यांना आत बोलावलं. मीही गेलो. मालक रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी समजावणीच्या सुरात सांगितलं की चूक ताईंची नाही, आपलीच आहे, दिसल्याशिवाय हे काम व्हायचं नाही हे आपल्याला आधी कळायला हवं होतं. ताईंनी उद्यापासून फोन सांभाळावा. आवाज चांगला आहे, माणसांशी बोलायला जमतं. पगार तोच.

मी भिंतीला टेकून उभा होतो. ती सगळी पानं मी वाचली होती, एकेक शब्द, या दोन डोळ्यांनी. ते मालकांना माहीत नव्हतं, कारण सहीच्या कागदाकडे ते कधी बघत नसत. मी तोंड उघडायला हवं होतं. तुम्ही म्हणाल, का नाही उघडलं? मलाही नीट सांगता येत नाही. मला कामावर लागून दीड वर्ष झालं होतं, घरी लग्नाचं बघत होते, आणि मालक अक्कांशी बोलत होते, माझ्याशी नाही. मी गप्प राहिलो.

अक्काही माझं नाव घेतील असं वाटलं होतं. त्यांनी घेतलं नाही. त्या म्हणाल्या, “फोनवर बसती मी. पर आठ दिस द्या. चूक कुठं झाली ते कळू द्या, मग बसती.” मालकांनी मान हलवली. मग लक्षात येऊन म्हणाले, हो.

जिना उतरताना अक्का नेहमी कठड्याच्या बाजूनं चालायच्या आणि मी भिंतीच्या. त्या संध्याकाळी मधल्या वळणावर त्या थांबल्या.

“लोणंद, तू वाचलंस तवा मला ‘कोन’ आन ‘मोजा’ दोन शब्द ऐकाय आलं. लिवताना मास्तरनं बी मला जागा हाय म्हनूनच सांगितलं. मग कागदावर ती न्हाई, तर वाचताना मधली जागा दिली कुनी?”

मी विचार केला. ठळक शब्द संपला की साधा शब्द सुरू. डोळ्याला दोन वेगळे दिसले. जीभ सवयीनं मध्ये थांबली.

“मी दिली, अक्का,” मी म्हणालो.

खाली हळदीची पोती उतरत होती, हमाल आम्हाला वाट द्यायला खोळंबले होते.

“म्हंजी माझ्यासाठनं तू जागा सोडत हुतास व्हय,” त्या म्हणाल्या, आणि माझ्या दंडाला धरून उरलेल्या पायऱ्या उतरल्या. चिडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मालकांकडे गेलो आणि सांगितलं की पानं मी वाचली होती. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग त्यांनी विचारलं, काल का नाही बोललास? मी सहीचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्या दिवसापासून असा प्रत्येक कागद ते वाचायला लागले.

बाहेर येऊन अक्कांना मी हे सांगितलं नाही. त्यांनी ऐकलं असणारच.

मग आमची शोधाशोध सुरू झाली. ‘दिसतंय ते सांग, वाटतंय ते नको’ हे त्याच आठवड्यातलं. मी पान समोर घेऊन बसायचो आणि शब्द वाचायचा नाही, एकेक अक्षर सांगायचं. क, त्याला काना आणि मात्रा, न. पुढे काय? पुढे म. मधे काय? मधे काही नाही. “नख ठिवून बघ. नख मावतंय का?” मी अंगठ्याचं नख दोन अक्षरांच्या मध्ये ठेवून बघायचो. मावत नव्हतं. दोन साध्या शब्दांच्या मध्ये मात्र मावत होतं. हे असं सांगताना वेड्यासारखं वाटतं, पण तीन दिवस आम्ही हेच केलं.

चौथ्या दिवशी अक्कांनी वेगळंच केलं. एकच ओळ लिहिली. तिच्यात आपली ‘कोन’ची खूण दहा वेळा घातली, आणि प्रत्येक खुणेनंतर काहीतरी निराळं ठेवलं. एकीनंतर पूर्णविराम, एकीनंतर स्वल्पविराम, एकीनंतर जागा, एकीनंतर दोन जागा, एकीनंतर कंस. मी छापून आणलं आणि नख लावून सांगत गेलो. पूर्णविराम जागेवर होता. स्वल्पविराम होता. कंस होता. जागा नव्हती. दोन जागा दिल्या होत्या तिथेही एकही नव्हती.

अक्कांचा चेहरा त्या वेळी मी बघत होतो. डावी भुवई हळूहळू वर गेली.

“नाव कुठं संपलं हे त्याला कळाय नको का?” त्या म्हणाल्या. “उलटी रेघ दिसली की त्यो नाव वाचाय लागतोय. अक्षर, अक्षर, अक्षर. जागा आली की त्यो म्हनतोय, संपलं नाव. आन ती जागा तिथंच खर्ची टाकतोय. पुढं पाठवतच न्हाई.”

असंच होतं ते. जागा त्यांनी दिली होती. मास्तरनंही खरंच सांगितलं होतं. संगणकानं ती नाव संपल्याची खूण म्हणून घेतली आणि गिळून टाकली, आणि तो त्याचा नियमच होता, बिघाड नव्हता. नियम कळल्यावर उपाय अर्ध्या तासात सापडला. आपल्या खुणेनंतर लगेच एक महिरपी कंस उघडायचा आणि आत काहीही न लिहिता मिटायचा. त्या रिकाम्या कंसापाशी नाव संपतं, आणि त्यानंतर दिलेली जागा जशीच्या तशी कागदावर येते. अक्कांनी पहिला कंस टाकला, मी छापलं, नख लावलं. मावलं.

“मावतंय,” मी म्हणालो.

“वाटतंय का दिसतंय?”

“दिसतंय अक्का.”

त्यांनी पिशवीतून भडंग काढला. सकाळचे साडेदहा वाजले होते.

मला हुशारी दाखवायची होती म्हणून मी इंटरनेटवर शोधून एक आयता तोडगा आणला. तो खुणेत घातला की पुढे काय आलंय ते बघून जागा सोडायची की नाही हे संगणक आपोआप ठरवतो, कंस लिहायला नकोत. अक्कांनी तोही तपासला, त्याच दहा चाचण्यांनी आणि वर आणखी पाच. आमच्या मराठी अवतरणचिन्हापाशी तो फसला. चिन्ह मिटायच्या आधी त्यानं नको तिथे जागा घातली. अक्का म्हणाल्या, कंस लिहायला त्यांच्या बोटांना काही जड नाही, जागा कुठे द्यायची ते त्यांचं त्या बघतील. माझा तोडगा तिथेच राहिला.

संच नव्यानं बांधला, पुन्हा छापला, मालक स्वतः शाळाशाळांतून देऊन आले. त्या मुख्याध्यापकांनी जुना संच मात्र परत केला नाही, आठवण म्हणून ठेवून घेतला म्हणे. आठ दिवस संपले तरी फोनच्या टेबलाचा विषय निघाला नाही. शेवटी अक्कांनीच काढला. मालकांच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, “फोनवर कवा बसू?” मालक म्हणाले, फोन त्यांचा तेच उचलतील, ताईंनी फक्त यापुढे ऑफिसातलं प्रत्येक पान छापायच्या आधी एकदा बघावं. मग जीभ चावून ‘ऐकावं’ म्हणाले. अक्का म्हणाल्या, “बघावंच म्हना. कळतंय मला.”

त्यानंतरची चार वर्षं चांगली गेली. फार काही घडलं नाही त्यांत, म्हणून सांगण्यासारखं थोडंच आहे. सकाळी साडेनऊला जिन्यात काठीचा आवाज, दिवसभर बोटं, दुपारी भडंग. माझं लग्न झालं. बायकोला घेऊन ऑफिसात गेलो तेव्हा अक्कांनी तिला शेजारी बसवून विचारलं की हा घरी काही वाचून दाखवतो का. ती म्हणाली, नाही. “नगंच,” अक्का म्हणाल्या, “मनचं घालून वाचतोय त्यो.” बायको अजून ते वाक्य मला सुनावते. एका प्राध्यापकांच्या प्रबंधात अक्कांनी जुळणी करता करता एका सिद्धतेत पायरी गाळून मारलेली उडी पकडली. तो मोठा माणूस स्वतः जिना चढून आला, खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसला, आणि दीड तास दोघं बोलत होती. मला त्यातलं निम्मंही कळलं नाही. तो गेल्यावर अक्का दिवसभर गुणगुणत होत्या.

मग साताऱ्याच्या एका अंध मुलींच्या शाळेतून निरोप आला. तिथे आठवी ते दहावीला गणित सुरू करायचं होतं आणि शिकवायला कोणी मिळत नव्हतं. अक्कांनी एक रात्रही विचार केला नसावा. दुसऱ्या दिवशी येऊन मालकांना सांगितलं. मालकांनी पगार वाढवतो म्हटलं, मग स्वतःच म्हणाले, नको, तुम्ही जा. निरोपाला शाल आणि नारळ दिला. अक्कांनी शाल बोटांनी चाचपली आणि विचारलं की हिच्यावर काही छापलंय का. काही नव्हतं. “बरं झालं,” त्या म्हणाल्या, “तपासाय नको.”

त्यांच्या टेबलावर आता मी बसतो. खुणेनंतरचा रिकामा कंस माझी बोटं न सांगता टाकतात. फोन महिन्यातून एकदा तरी होतो. शाळा कशी आहे विचारलं की त्या मुलींचीच उदाहरणं सांगतात.

मागच्या हिवाळ्यात पाहुण्यांकडच्या कार्यक्रमाला साताऱ्याला गेलो होतो. परतीच्या गाडीला दोन तास होते, म्हणून रिक्षा करून शाळेत गेलो. शिपाई म्हणाला, बाईंचा तास चालू आहे, शेवटची खोली. दार उघडं होतं. आठ-दहा मुली जमिनीवर सतरंजीवर बसल्या होत्या. प्रत्येकीच्या मांडीवर तारेचा एक त्रिकोण, आणि त्याच्या बाजूंवरून बोटं फिरत होती. अक्का भिंतीशी उभ्या. केस बरेच पांढरे झाले होते. त्या म्हणत होत्या की तिन्ही बाजू सारख्या, एक बाजू चोवीस, तर परिमिती किती? मग त्यांनीच उत्तर सांगितलं. बासष्ट.

मग मागच्या ओळीतली एक काटकुळी मुलगी म्हणाली, “बाई, माझं येगळं आलंय.”

“किती?”

“बहात्तर.”

“कसं आणलंस? सांग.”

ती मुलगी उठून उभी राहिली. चार त्रिक बारा, दोन लिहिले, एक हातचा. दोन त्रिक सहा, आणि हातचा एक, सात. अक्कांचे ओठ तिच्यामागून हलत होते. ती थांबली तेव्हा त्याही थांबल्या.

“हातचा इसरले मी,” त्या म्हणाल्या.

सगळा वर्ग हसला. अक्काही हसल्या. त्या खरंच विसरल्या होत्या की कोणी उठून बोलतं का ते बघत होत्या, हे मला सांगता येणार नाही. ती मुलगी मात्र हसली नाही. ती उभीच होती, त्रिकोण दोन्ही हातांत घट्ट धरून.

“म्हंजी बरोबर कोण, बाई?” तिनं विचारलं.

“तू,” अक्का म्हणाल्या.

आत गेलो असतो तर तास मोडला असता. मी पायातल्या चपला काढून हातात घेतल्या आणि अनवाणी, आवाज न करता, तो लांबलचक व्हरांडा ओलांडून फाटकापाशी आलो. फरशी उन्हानं छान तापली होती.